वर्ग बंद ठेवण्याचा हक्क

फ्रान्समध्ये मजुरांनी एकजुटीने काम बंद पाडणं १८६४ सालापर्यंत गुन्हा होता. पॅरिसच्या मास्तरांना मात्र शिकवणं थांबवण्याचा हक्क १२३१ सालीच लेखी मिळाला होता, आणि तोही खुद्द पोपच्या शिक्क्यानिशी. या विद्यापीठावर लिहिणारे सहसा अबेलार, थॉमस अक्वायनस अशा थोरांच्या नावांभोवती घुटमळतात. ते थोर होतेच. पण ही संस्था उभी कशी राहिली आणि पुढे वाकली कशी, हे समजून घ्यायचं तर या एका हक्काच्या मागे चालत जावं लागतं.

बाराव्या शतकात पॅरिसमधलं शिक्षण सेन नदीतल्या बेटावर, नोत्र-दाम कॅथेड्रलच्या सावलीत चालायचं. शिकवायचं तर कॅथेड्रलच्या चॅन्सेलरचा परवाना लागे. पण विद्यार्थ्यांचा ओघ वाढला तशी बेटावर जागा पुरेना, शिवाय चॅन्सेलरची नजरही जाचू लागली. मग एकेक मास्तर छोटा पूल ओलांडून नदीच्या डाव्या काठावर, सेंट जेनेव्हिएव्हच्या टेकडीच्या उतारावर बिऱ्हाड करू लागला. अबेलारने याच टेकडीवर शिकवलं होतं. या मंडळींपाशी ना इमारत होती, ना जमीन, ना ग्रंथालय. भाड्याची खोली हाच वर्ग. कलाशाखेच्या खोल्या ज्या गल्लीत होत्या तिचं नावच पेंढ्याची गल्ली पडलं, कारण पोरं जमिनीवर पेंढा पसरून त्यावर बसायची. मोठी सभा भरवायची तर एखाद्या चर्चकडे जागा मागायची. सुतार, चांभार, विणकर यांचे जसे संघ असत तसाच हा शिकवणाऱ्यांचा संघ होता. आपल्यात कुणाला घ्यायचं हे तो ठरवणार, आणि एकाला दुखावलं तर सगळे उठणार.

ताकदीचा पहिला अंदाज आला तो १२०० साली. एका जर्मन उमरावपुत्र विद्यार्थ्याचा नोकर दारू आणायला गेला, गुत्त्यात त्याला मारहाण झाली, त्याचा बुधला फुटला. जर्मन विद्यार्थ्यांनी गुत्तेवाल्याला चोप दिला. मग प्रेव्हो, म्हणजे राजाचा शहरातला कोतवाल, सशस्त्र नागरिक घेऊन विद्यार्थ्यांच्या वसतीवर चालून गेला. माणसं मेली, त्यात तो उमरावपुत्रही होता. मास्तर शहर सोडून जातील या धास्तीने राजा फिलिप ऑगस्टसने आपल्याच कोतवालाला जन्माचं कोठडीत टाकलं आणि एक सनद दिली: विद्यार्थ्याचा न्याय चर्चच्या न्यायालयात होईल, राजाची माणसं त्याच्यावर सहजासहजी हात टाकणार नाहीत, आणि यापुढे प्रत्येक नवा कोतवाल विद्यार्थ्यांसमोर ही सनद पाळण्याची शपथ घेईल. पॅरिसच्या कोतवालाला पोरांपुढे शपथ घ्यावी लागणं किती झोंबलं असेल, हे पुढच्या दोन शतकांत वारंवार दिसलं.

१२१५ साली पोपचा वकील म्हणून आलेल्या रोबेर द कूर्सोंने पहिले नियम घालून दिले. तो स्वतः पॅरिसमध्येच शिकवून गेलेला, त्यामुळे नियमांना अनुभवाचा वास आहे. एकविसाव्या वर्षाच्या आत कुणी कलाशाखेत शिकवू नये, आणि त्याआधी त्याने सहा वर्षं शिकलेलं असावं. धर्मशास्त्र शिकवायला पस्तिशी गाठलेली हवी. मास्तरचा झगा काळा, गोल आणि घोट्यापर्यंतचा असावा. प्रत्येक विद्यार्थ्याचा एक ठरलेला मास्तर असलाच पाहिजे. ॲरिस्टॉटलचं तर्कशास्त्र शिकवा, पण त्याचे निसर्गविज्ञानाचे आणि तत्त्वमीमांसेचे ग्रंथ वर्गात वाचायचे नाहीत. ही शेवटची बंदी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता १२२९. लेंट हा ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होण्याआधीचे कार्निव्हलचे दिवस, फेब्रुवारीचा शेवट. काही विद्यार्थी शहराच्या तटाबाहेर सँ-मार्सेल वस्तीत हिंडायला गेले होते. एका गुत्त्यात त्यांना उत्तम दारू मिळाली आणि तिच्या दामावरून मालकाशी बाचाबाची झाली. थपडा झाल्या, केस उपटले गेले, शेजारपाजारची माणसं धावून आली आणि पोरांना बदडून हाकलून देण्यात आलं. दुसऱ्या दिवशी ती आपल्या दोस्तांना घेऊन, काठ्या-तलवारींसह परत आली. गुत्ता फोडला, दारूची पिंपं उपडी केली, आणि मग रस्त्यावर जो दिसेल त्याला, बाई की पुरुष न बघता, झोडपत सुटली. हा सगळा वृत्तांत मॅथ्यू पॅरिस या इंग्लिश मठवासी बखरकाराने लिहून ठेवला आहे, आणि पोरांची बाजू सावरण्याचा खटाटोप त्याने केलेला नाही.

सँ-मार्सेलच्या चर्चच्या प्रमुखाने पोपचा वकील कार्डिनल रोमानो आणि पॅरिसचा बिशप यांच्याकडे तक्रार केली. या रोमानोचं आणि मास्तरांचं जुनं वाकडं होतं. चारच वर्षांपूर्वी संघाने स्वतःचा शिक्का तयार केला होता. शिक्का असणं म्हणजे कायद्याच्या नजरेत स्वतंत्र संस्था असणं. रोमानोने तो शिक्का फोडला होता, आणि चिडलेल्या जमावाने त्याच्या निवासावर हल्ला चढवला होता. आता त्याला संधी मिळाली. राजा नववा लुई अजून अज्ञान होता, कारभार त्याची आई ब्लांश पाहत होती. तिने कोतवालाला आणि भाडोत्री शिपायांना हुकूम दिला: दोषींना शासन करा.

शिपाई तटाबाहेर पडले. तिथे त्यांना विद्यार्थ्यांचा एक घोळका खेळताना दिसला. या पोरांपाशी हत्यारं नव्हती, आणि आदल्या दंग्याशी त्यांचा संबंधही नव्हता. शिपायांनी खातरजमा केली नाही. काही विद्यार्थी जागीच ठार झाले, काही जखमी झाले, उरलेल्यांना पळता भुई थोडी झाली. मेलेल्यांत फ्लँडर्सचा एक आणि नॉर्मंडीचा एक असे दोघे मोठ्या घरचे, वजनदार विद्यार्थी होते.

मास्तरांनी वर्ग बंद केले आणि न्याय मागितला. राणी, बिशप, पोपचा वकील, तिघांपैकी कुणीच दाद दिली नाही. तेव्हा त्यांनी एकमेकांना बांधून घेणारा ठराव केला: ईस्टरनंतर महिन्याभरात भरपाई झाली नाही, तर पुढची सहा वर्षं आमच्यापैकी कुणीही पॅरिस शहरात किंवा त्या धर्मप्रांतात शिकणार नाही आणि शिकवणार नाही. महिना उलटला. मास्तरांनी चंबूगबाळं आवरलं आणि ते खरोखर निघाले.

मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. जाता आलं, कारण मागे सोडण्यासारखं काही नव्हतं. विद्यापीठ म्हणजे माणसं होती, आणि माणसं चालू लागली की विद्यापीठही चालू लागे. कुणी ओर्लेआँला गेलं, कुणी आँजेला, कुणी राँसला. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने जुलैमध्ये पत्र धाडून त्यांना बोलावलं: या, हवं ते शहर निवडा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या वाट्याला त्यातले अनेक आले. सगळ्यात उघड चढाओढ केली तुलूजने. दक्षिणेतलं पाखंडाविरुद्धचं धर्मयुद्ध त्याच वर्षी तहाने संपलं होतं, आणि हरलेल्या काउंट सातव्या रेमाँवर इतर अटींबरोबर चार हजार चांदीच्या मार्कांचा भार पडला होता. त्यातून दहा वर्षं तुलूजमध्ये मास्तरांचे पगार द्यायचे होते. तिथल्या नव्या विद्यापीठाने जाहिरातवजा पत्र पाठवलं. ते लिहिणारा जॉन ऑफ गारलंड हा व्याकरणाचा मास्तर होता. दारू-धान्याची स्वस्ताई, प्रेमळ लोक, यांबरोबरच त्यात एक आमिष ठळक होतं: पॅरिसमध्ये मना केलेले ॲरिस्टॉटलचे निसर्गावरचे ग्रंथ आमच्याकडे ऐकायला मिळतील. पाखंड गाडून टाकण्यासाठी काढलेलं विद्यापीठ बंदी असलेल्या पुस्तकांच्या नावाने विद्यार्थी ओढत होतं, यावरून त्या ग्रंथांची भूक केवढी असेल ते कळतं.

पॅरिसमध्ये मात्र सामसूम झाली. घरमालकांच्या खोल्या रिकाम्या, लेखनिक-चर्मपत्रवाल्यांचा धंदा बसलेला. दरबाराला आपली चूक उमगायला वेळ लागला नाही. ऑगस्टमध्येच बाल राजाच्या नावाने आजोबांची १२०० सालची सनद पुन्हा मान्य करण्यात आली. मास्तर तेवढ्याने परतले नाहीत. खरी सूत्रं हलली ती रोममधून. पोप नववा ग्रेगरी स्वतः तरुणपणी पॅरिसमध्ये शिकलेला होता. त्याने बिशपला कडक पत्र लिहून झापलं आणि बोलणी लावून दिली. अखेर १३ एप्रिल १२३१ रोजी ती प्रसिद्ध सनद निघाली, जिच्या पहिल्याच शब्दांत पॅरिसला विद्यांची माता म्हटलं आहे.

सनदेत पाल्हाळ नाही. वर्ग कसे, केव्हा घ्यायचे, पोशाख काय असावा, मेलेल्या सहकाऱ्याची अंत्ययात्रा कशी काढायची, खोल्यांचं भाडं किती, हे नियम मास्तरांनी करायचे. परवाना देण्याआधी चॅन्सेलरने उमेदवाराबद्दल मास्तरांचं मत घ्यायचं. कर्जापायी विद्यार्थ्याला कैद करायचं नाही. उन्हाळ्याची सुटी महिन्याहून जास्त नको. विद्यार्थ्यांनी शहरात हत्यार घेऊन फिरायचं नाही. आणि मग ते कलम: भाडं ठरवण्याचा हक्क नाकारला, किंवा कुणाचा खून झाला, कुणाचा अवयव तोडला गेला, असा गंभीर अन्याय घडला आणि रीतसर सांगूनही पंधरा दिवसांत भरपाई झाली नाही, तर ती होईपर्यंत वर्ग बंद ठेवायला मास्तर मोकळे आहेत. खून आणि घरभाडं एकाच वाक्यात आलं, यात नवल वाटण्याचं कारण नाही. भाड्याच्या खोल्यांत जगणाऱ्या माणसांच्या दोन्ही जिवावरच बेतत होतं. ॲरिस्टॉटलबद्दलही सनद नरमली: ते ग्रंथ तपासून निर्दोष करेपर्यंतच बंद राहतील. तपासणी काही पुरी झाली नाही, आणि १२५५ साली कलाशाखेने ते सगळे अभ्यासक्रमात घेऊन टाकले.

परत आलेल्या संघाची घडी पुढच्या काही दशकांत बसली. शाखा चार: कला, धर्मशास्त्र, चर्चचा कायदा आणि वैद्यक. रोमन कायदा शिकवायला १२१९ सालीच पोपने मनाई केली होती, ती १६७९ पर्यंत टिकली. कलाशाखा ही पहिली पायरी, म्हणून माणसांची गर्दी तिथे. त्या शाखेचे मास्तर चार राष्ट्रांत विभागलेले होते: फ्रेंच, पिकार्ड, नॉर्मन आणि इंग्लिश. फ्रेंच राष्ट्रात इटली-स्पेनची माणसंही मोडत, आणि इंग्लिश राष्ट्रात जर्मन, पोलिश, हंगेरियन, स्कॅन्डिनेव्हियन सगळे. शंभर वर्षांच्या युद्धानंतर इंग्लिश हे नाव पॅरिसमध्ये नकोसं झालं आणि त्या राष्ट्राचं जर्मन राष्ट्र झालं. प्रत्येक राष्ट्राचा एक प्रॉक्टर. ही चार राष्ट्रं रेक्टर निवडत. तो मुळात फक्त कलाशाखेचा प्रमुख, पण हळूहळू सगळ्या विद्यापीठाचा झाला. त्याची मुदत जेमतेम तीन महिने! म्हाताऱ्या धर्मशास्त्र्यांच्या सभेत तिशीतला रेक्टर अध्यक्षस्थानी बसे. मातुरँ मठातल्या महासभेत प्रत्येक शाखा, प्रत्येक राष्ट्र वेगळं बसून आपलं मत ठरवी आणि मग रेक्टर निर्णय जाहीर करी.

या कारभारातली एक तऱ्हा तर आजही अनुकरण करावी अशी आहे. राष्ट्राचं शुल्क सगळ्यांना सारखं नसे. विद्यार्थ्याने शपथेवर सांगायचं की खोलीभाडं आणि नोकर सोडून आपला आठवड्याचा खर्च किती. त्या आकड्याला त्याची थैली म्हणत, आणि पदवीच्या वेळी त्याने अमुक इतक्या थैल्या भरायच्या. श्रीमंताची थैली जड, गरिबाची हलकी. पुस्तकांचीही अशीच सोय होती. विद्यापीठाशी शपथेने बांधलेले ग्रंथविक्रेते तपासलेली मूळ प्रत सुट्या घड्यांमध्ये ठेवत. विद्यार्थी एकेक घडी भाड्याने नेई, उतरवून घेई, परत करून पुढची आणी. त्यामुळे एकाच ग्रंथावरून एका वेळी अनेक जण नक्कल करू शकत. घडीचं भाडं विद्यापीठ ठरवी, आणि १२७५ च्या सुमाराची त्या भाड्यांची यादी आजही उपलब्ध आहे.

वर्ग थांबवण्याचा हक्क वापरला जात राहिला. त्याचा सगळ्यात भयंकर विजय १४०८ चा. आदल्या ऑक्टोबरात कोतवाल गियोम द तिन्योंव्हिलने दोन विद्यार्थ्यांना दरोड्याच्या आरोपाखाली फासावर चढवलं होतं. ते चर्चच्या न्यायाखालचे होते, कोतवालाला तो अधिकारच नव्हता. विद्यापीठाने वर्ग थांबवले, शहरातली प्रवचनं थांबवली. महिने गेले. अखेर मे महिन्यात कोतवालाला ती कुजलेली प्रेतं फासावरून उतरवून घ्यावी लागली, मिरवत आणून मातुरँ मठात पुरावी लागली. बखरी सांगतात की त्याला त्या प्रेतांची चुंबनंही घ्यावी लागली. त्याची नोकरीही गेली. तत्त्व म्हणून विद्यापीठ बरोबर होतं, पण ते दोघे निरपराध होते असं मानायला आधार नाही. शिवाय हा विजय निव्वळ विद्यापीठाचा नव्हता. मधल्या काळात राजाच्या भावाचा, ओर्लेआँच्या ड्यूकचा, भर रस्त्यात खून झाला होता, आणि त्या खुनाचा माग काढणारा अधिकारी हाच तिन्योंव्हिल होता. तो जावा अशी खून करवणाऱ्या बर्गंडीच्या ड्यूकची इच्छा होती, आणि विद्यापीठ तेव्हा बर्गंडीच्या बाजूला झुकलेलं होतं. १२२९ सालची माणसं कुणाच्याही बाजूची नव्हती. याच झुकण्यातून पुढे १४३१ साली विद्यापीठाने जोन ऑफ आर्कला दोषी ठरवलं. तिच्यावर खटला चालवणारा बिशप पिएर कोशों हा या विद्यापीठाचा माजी रेक्टर.

जोन ज्याच्यासाठी लढली तो राजा सातवा चार्ल्स पॅरिस जिंकून परतला तेव्हा त्याला हे सगळं आठवत होतं. १४४६ साली त्याने विद्यापीठाचे खटले पॅरिसच्या पार्लमाँ या राजन्यायालयाखाली आणले. १४६२ साली तर पोप दुसरा पायस यानेच वर्ग थांबवण्याच्या हक्कावर घाव घातला. आणि १४९९ साली बाराव्या लुईने सवलतींना कात्री लावली, तेव्हा विद्यापीठाने अखेरचा बंद पुकारला. राजा जागचा हलला नाही. बंद मागे घ्यावा लागला, हाती काही न लागता.

असं का व्हावं? राजसत्ता बळकट झाली होती, हे उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही. मास्तरांना आता जायला जागा उरली नव्हती आणि जाण्याची इच्छाही. १२२९ साली ते ज्या गावांना गेले तिथे पुढे विद्यापीठं रुजली. पंधराव्या शतकात प्वातिए, काँ, बोर्दो, बूर्ज यांची भर पडली. म्हणजे पॅरिस ओस पडलं तरी राजाचं अडणार नव्हतं. आणि पॅरिसमध्ये मास्तरांची आता घरं होती. सुरुवात साधी होती: ११८० साली जेरुसलेमहून परतलेल्या जॉसियस नावाच्या इंग्रज यात्रेकरूने इस्पितळातली एक खोली अठरा गरीब विद्यार्थ्यांसाठी घेऊन दिली, मोबदल्यात त्यांनी तिथे मेलेल्यांच्या अंत्ययात्रेत क्रूस धरायचा. १२५७ मध्ये राजाचा धर्मगुरू रोबेर द सोर्बों याने धर्मशास्त्राच्या गरीब विद्यार्थ्यांसाठी निवास काढला, तेच सोर्बोन. १२९० च्या आसपास त्याच्या ग्रंथालयात हजारावर हस्तलिखितं होती, मोलाची पुस्तकं साखळीने मेजाला बांधलेली. याच घरात १४७० साली तीन जर्मन मुद्रकांनी फ्रान्समधला पहिला छापखाना थाटला. नाव्हार, आर्कूर, माँतेग्यू अशी कॉलेजं उठत गेली आणि शिकवणं पेंढ्याच्या गल्लीतून त्यांच्या भिंतींआड गेलं. हे सगळं विद्येच्या भल्याचंच होतं. त्याशिवाय गरिबाचा मुलगा शिकला नसता, ग्रंथ टिकले नसते. पण साखळी पुस्तकांबरोबर मास्तरांनाही पडली.

गोव्याशी या विद्यापीठाचं नातं जुळतं ते याच कॉलेजांच्या काळात. १५२५ साली नाव्हार राज्यातला एक तरुण सेंट बार्ब कॉलेजात दाखल झाला. त्याने पदवी घेतली, काही काळ शिकवलं, आणि तिथेच इग्नेशियस लोयोला त्याच्या खोलीत राहायला आला. हा तरुण म्हणजे फ्रान्सिस झेवियर. तो १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरला. लोयोला-झेवियर यांच्या जेझुइट संघाने गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजासह आपल्या शाळा चालवल्या त्या पॅरिसच्या पद्धतीने, म्हणजे ठरलेल्या इयत्ता, रोजची घोकणी, वादसभा. १५४४ च्या जानेवारीत कोचीनहून लिहिलेल्या पत्रात झेवियरने एक तीव्र इच्छा मांडली आहे: युरोपच्या विद्यापीठांत, विशेषतः सोर्बोनमध्ये जाऊन, वेड्यासारखं ओरडून तिथल्या विद्वानांना त्यांच्या विद्येचा हिशोब विचारावा.

क्रांतीने १७९३ च्या सप्टेंबरात फ्रान्समधली सगळी विद्यापीठं एकदम मोडीत काढली, पॅरिसबरोबर तुलूज, ओर्लेआँ, आँजेसुद्धा. पॅरिस विद्यापीठ त्या नावाने पुन्हा उभं राहिलं ते १८९६ साली, पण आता त्याचे प्राध्यापक सरकारचे पगारी होते. ३ मे १९६८ रोजी रेक्टरने स्वतःच पोलिसांना सोर्बोनच्या आवारात बोलावलं, विद्यार्थ्यांची धरपकड झाली आणि वर्गांना टाळं लागलं. टाळं लावणारे आता मास्तर नव्हते, आणि विद्यार्थ्यांच्या तीन मागण्यांपैकी एक होती, सोर्बोन उघडा. पकडलेल्यांना सोडा आणि पोलीस मागे घ्या, या उरलेल्या दोन. पंतप्रधान पोंपिदूंनी ११ मेच्या रात्री उघडण्याचं मान्य केलं. नोव्हेंबरात नवा उच्चशिक्षण कायदा झाला, आणि त्याच्या आधारे पॅरिस विद्यापीठाची तेरा वेगवेगळी विद्यापीठं करण्यात आली.